पाण्याचा हक्क आणि बाहेरचे साहाय्य : मढच्या निमित्ताने एक पाठ

वेसाव्याहून होडीने खाडी ओलांडली की काही मिनिटांतच मढ लागते. मुंबई उपनगर जिल्ह्यातील हे कोळ्यांचे जुने गाव. पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस व दक्षिणेस मालाडची खाडी. जमिनीवरून जावयाचे झाल्यास मालाडहून मालवणी, आक्सा, एरंगळ असा लांबचा वळसा. काठाला लागलेल्या होड्या, दुरुस्तीस पसरलेली जाळी, बांबूंवर वाळत घातलेले बोंबील हे सारे गावाचे; कारभार मात्र महानगरपालिकेचा. नागरिकशास्त्रात पाण्याच्या हक्काचा पाठ घ्यावयाचा असेल, तर अशा गावापासून आरंभ करणे सोयीचे पडते. नकाशावर मढ दाखविले की वर्गातील एखादे चौकस मूल बहुधा आपण होऊनच विचारते की, तीन बाजूंनी पाणी असलेल्या या गावाला पिण्याचे पाणी कोठून येते? शिक्षकाने हा प्रश्न येईपर्यंत थोडे थांबावे. आयता दिलेला प्रश्न मुलांचा होत नाही.

उत्तराचा पहिला भाग विज्ञानाचा आहे. समुद्रकाठच्या जमिनीत मुरलेले पावसाचे पाणी हलके असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणून ते गोड्या पाण्यापेक्षा किंचित जड असते. फरक किंचित, पण परिणाम मोठा. जमिनीतील गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून एक फूट उंच असेल, तर समुद्रसपाटीखाली साधारणतः चाळीस फुटांपर्यंत गोडे पाणी टिकून राहते. उलट, उपसा वाढून ती पातळी अर्ध्या फुटाने उतरली, तर तळाचे खारे पाणी कालांतराने सुमारे वीस फूट वर सरकते. विहीर एकदा मचूळ झाली की तिला पुन्हा गोडी येण्यास बराच काळ जावा लागतो. हे सारे एका काचेच्या पेल्यात दाखविता येते. निम्म्या पेल्यात दाट मिठाचे पाणी घेऊन त्यात शाईचे दोन थेंब टाकावे. वरून चमच्याच्या पाठीवर अगदी हळू साधे पाणी सोडावे. निवळ थर वर राहतो. मग त्या थरात नळी धरून जोराने पाणी ओढले की खालचा रंग वर चढू लागतो. कोकण किनाऱ्यावरील शाळांतील मुलांना हा प्रयोग पाहून आपल्याच एखाद्या विहिरीची आठवण होईल.

म्हणून काठावरच्या दाट वस्तीस केवळ आपल्या विहिरींच्या भरवशावर राहता येत नाही, पाणी दुरून आणावे लागते. येथे पाठाचा दुसरा भाग सुरू होतो. १९५७ साली मुंबई महानगरपालिकेची हद्द दहिसर व मुलुंडपर्यंत वाढली आणि उपनगरांतील खेडी महानगराच्या पाण्याचे वाटेकरी झाली. त्या महानगराला आज रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी पुरविले जाते. विहार व तुळशी हे दोन लहान तलाव वगळले, तर बाकीचे पाणी शहराबाहेरचे, ठाणे, पालघर व नाशिक जिल्ह्यांतील तानसा, वैतरणा व भातसा या नद्यांचे आहे. १९७३ साली मुंबईच्या पाणीपुरवठा व मलनिःसारण योजनेस जागतिक बँकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संघाकडून कर्ज मिळाले. पुढेही अशी कर्जे मिळत गेली आणि त्यांच्या आधाराने भातसाचे पाणी शहरात आले. फळ्यावर शहापूरपासून मढपर्यंत एक रेघ ओढावी व तिची दोन्ही टोके मुलांना नीट पाहावयास लावावी. पहिल्या टोकाशी, म्हणजे तानसा व भातसा ज्या शहापूर तालुक्यात अडविल्या आहेत, तेथील कित्येक गावांना व पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. दुसऱ्या टोकाशी, मढकडे जाणाऱ्या वाटेवरच्या मालवणीच्या परिसरात आंबोजवाडीसारख्या वस्त्यांना वर्षानुवर्षे अधिकृत नळ नव्हता आणि पाणी विकत घेऊन प्यावे लागे. रेघ मध्येच तुटलेली नाही. धरण आहे, नळ आहे, कर्जही फिटत आले. असे असता दोन्ही टोकांना माणसे तहानलेली का राहिली, हा या पाठाचा खरा प्रश्न होय. धरणासाठी पैसा परदेशातून येऊ शकतो. पाणी कोणाच्या दारी न्यावयाचे हे मात्र तो पैसा ठरवीत नाही.

हक्क म्हणजे काय

संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा १० डिसेंबर १९४८ रोजी संमत झाला. त्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकणारी शब्दयोजना होती. ती बदलून ‘सर्व मानव’ अशी करण्याचा आग्रह भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी धरला, हे मुलींना मुद्दाम सांगावे. त्या जाहीरनाम्यात अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार यांचा उल्लेख आहे, पाण्याचा नाही. ज्यावाचून एक दिवसही निभत नाही ते लिहून ठेवण्याची आवश्यकता बहुधा कोणास वाटली नसावी. ती उणीव भरून निघण्यास ६२ वर्षे लागली. २८ जुलै २०१० रोजी आमसभेने बोलिव्हियाने मांडलेला ठराव संमत करून सुरक्षित पिण्याचे पाणी व स्वच्छतेची सोय हा मानवी हक्क असल्याचे मान्य केले. बाजूने १२२ राष्ट्रे होती, त्यांत भारतही होता. ४१ राष्ट्रे तटस्थ राहिली. विरोधी मत एकही पडले नाही. तटस्थ राहणाऱ्यांत अनेक धनाढ्य राष्ट्रे होती. वरच्या वर्गात याची कारणे काय असतील, यावर चर्चा घेता येईल.

या हक्काचा अर्थ पाणी फुकट मिळावे असा नाही. पाणी पुरेसे असावे, निर्मळ असावे, जवळ मिळावे, कोणासही वगळले जाऊ नये आणि त्याचे मोल गरिबास झेपेल असे असावे, एवढा तो अर्थ. हक्क म्हटला की त्यासमोर कोणाचे तरी कर्तव्य उभे राहते. येथे ते शासनाचे व त्याच्या वतीने काम करणाऱ्या नगरपालिकांचे, जिल्हा परिषदांचे व ग्रामपंचायतींचे आहे. दान देणाऱ्याने हात आखडता घेतला तर त्यास जाब विचारता येत नाही. कर्तव्य चुकले तर विचारता येतो.

मुंबईत असा जाब विचारला गेला. १ जानेवारी २००० नंतर उभ्या राहिलेल्या अनधिकृत झोपड्यांना महानगरपालिका नळ देत नसे. पाणी हक्क समितीने त्याविरुद्ध जनहित याचिका केली आणि १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात पाण्याचा हक्क सामावलेला आहे. झोपडी अनधिकृत असली तरी तीत राहणाऱ्या माणसास पाणी सर्वस्वी नाकारता येणार नाही. निर्णयाची दुसरी बाजूही मुलांपासून लपवू नये. अशा रहिवाशांना कायदेशीर घरांतील रहिवाशांच्या बरोबरीने पाण्याची मागणी करता येणार नाही, त्यांच्याकडून अधिक दर घेता येईल आणि नळ मिळाल्याने झोपडी अधिकृत ठरणार नाही, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. जमिनीचा प्रश्न वेगळा आणि तहानेचा वेगळा. निर्णयानंतरही पाणी लगेच वाहू लागले नाही. महानगरपालिकेच्या २०१७ च्या धोरणात पदपथ, केंद्र शासनाच्या जमिनी अशा काही जागांवरील वस्त्या वगळलेल्या होत्या. ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण मे २०२२ मध्ये आले.

कागदावरचा हक्क आणि ओंजळीतील पाणी यांतील अंतर महाराष्ट्राला नवे नाही. महात्मा फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तो एका माणसाचा निश्चय होता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत केला आणि सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असल्याचे जाहीर झाले. महाडच्या नगरपालिकेने पुढे आपला चवदार तळा तसा खुला केल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात राहिला व तळे होते तसेच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ते पाणी प्राशन केले. त्यानंतर तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, दावा झाला, आणि उच्च न्यायालयाचा अनुकूल निर्णय यावयास १७ मार्च १९३७ उजाडला. पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव व स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख आला, त्यामागे हा इतिहास आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ठरावाच्या ८३ वर्षे आधी पाण्याच्या हक्काचा पाठ महाडच्या पायऱ्यांवर दिला गेला होता. शिक्षकांनी हा भाग घाईने उरकू नये.

हापशाची गोष्ट

बाहेरच्या साहाय्याचे मोल व मर्यादा समजावून देण्यास शाळेच्या अंगणातील हापशासारखे दुसरे साधन नाही.

१९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळात संयुक्त राष्ट्रांच्या बालक निधीने, म्हणजे युनिसेफने, दाबाच्या हवेवर चालणारी वेधनयंत्रे भारतात आणली. कठीण खडकात ती काही तासांत विंधण विहीर घेत. दख्खनच्या काळ्या पाषाणात, जेथे सुरुंग लावून विहीर खोदण्यास महिने लागत आणि वैशाखात तिचा तळ दिसे, तेथे हे साधन अपूर्व ठरले. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला त्याची गरज पुरती पटवून दिली. परंतु विहीर झाली तरी पाणी वर काढणारा पंप हवा, आणि घोटाळा तेथे झाला. त्या वेळचे पंप ओतीव लोखंडाचे, परदेशातील शेतघरांत एका कुटुंबाने दिवसातून दोनचार वेळा वापरावे अशा घडणीचे होते. येथे त्यांच्यावर पहाटेपासून रात्रीपर्यंत सारे गाव तुटून पडे. काही महिन्यांत दांडा मोडे, खिळी झिजे, आणि पंप उभ्याउभ्या गंजत राही. १९७४ च्या सुमारास महाराष्ट्र व तमिळनाडू येथे पाहणी झाली, तेव्हा बहुसंख्य पंप बंद असल्याचे आढळले. यंत्रे आली, विहिरी झाल्या, अहवालात आकडे चढले. बायकांच्या डोक्यावरचा हंडा मात्र उतरला नाही.

यातून मार्ग निघाला तो परदेशातील कचेरीत नव्हे. जालना येथील स्कॉटिश मिशनच्या कार्यशाळेत व तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील वडाळा येथील मिशनमध्ये मोडके पंप दुरुस्त करता करता कारागिरांनी लोखंडी पत्र्याचा व नळ्यांचा नवा सांगाडा घडविला. अनेक सांधे काढून टाकून दांडा एकाच खिळीवर फिरेल अशी सुधारणा झाली. सोलापूरला स्वीडिश मिशनच्या लोकांनी चालविलेल्या विहीर सेवेत या घडणीला पक्के रूप आले व तो ‘सोलापूर पंप’ म्हणून ओळखला जाऊ लागला. युनिसेफने व भारतीय अभियंत्यांनी त्याच्या आधारे नवा नमुना तयार केला, कोइमतूरच्या परिसरात त्याच्या चाचण्या घेतल्या, आणि १९७०-८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इंडिया मार्क दोन’ हा हातपंप कारखान्यांतून बाहेर पडू लागला. त्यावर कोणाचे एकस्व ठेवले नाही. ठरलेले मान पाळून कोणाही कारखानदाराने तो करावा अशी मुभा राहिली. म्हणूनच तो पुढे आफ्रिकेतील अनेक देशांत गेला. मुलांना शाळेच्या हापशाजवळ नेऊन डोक्यावरचे झाकण, साखळी व दांड्याची खिळी दाखवावी. स्कॉटलंड, अमेरिका व स्वीडन येथून आलेल्यांची मदत, युनिसेफचा पैसा व देशी कारागिरांचे हात असे सारे त्या एका साखळीत आले आहे.

येथवर कथा आनंदाची आहे. पुढचा भाग तितका सोपा नाही. चांगला पंपही झिजतोच. चामड्याचे वायसर कोणी बदलावयाचे, पंचायतीने की पंचायत समितीने, या वादात कित्येक हापसे उन्हाळाभर मुके राहिले. काही भागांत, यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत, खोल विंधण विहिरींच्या पाण्यात फ्लोराईडचे प्रमाण अधिक निघाले. मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडले. पाणी मिळणे व निर्मळ पाणी मिळणे या दोन गोष्टी आहेत, हे तेथील शिक्षकांना निराळे सांगावयास नको.

पुढच्या काळातील साहाय्याने या चुकांपासून काही धडा घेतला. जागतिक बँकेच्या कर्जावर २००३ ते २००९ या काळात राज्यात राबविलेल्या जलस्वराज्य प्रकल्पात योजना ग्रामसभेने ठरवावी, खर्चाचा साधारणतः एक दशांश वाटा गावाने उचलावा आणि समितीत स्त्रिया निम्म्या असाव्या, असे नियम होते. मुंबईत १९९५ च्या मलनिःसारण प्रकल्पाचा एक भाग म्हणून झोपडपट्ट्यांत तीनशेहून अधिक सामुदायिक शौचालये बांधली गेली. रहिवाशांनी माणशी शंभर रुपये वर्गणी द्यावी व आपल्या मंडळामार्फत ती चालवावी, अशी योजना होती. जेथे मंडळ जागे राहिले तेथे शौचालय स्वच्छ राहिले. जेथे पाण्याचा नळ किंवा मैला वाहून नेणारी गटारे आली नाहीत, तेथे वर्गणी देणाऱ्यांचाही निरुपाय झाला. लोकांनी आपला वाटा उचलला म्हणून शासनाचा वाटा संपत नाही.

वर्गातील काम

या पाठाला जोडून गणिताचा एक तास घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते माणसाच्या साऱ्या गरजा भागण्यास दररोज माणशी ५० ते १०० लिटर पाणी लागते. पाणवठा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावा आणि पाणी आणण्यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागू नये, असेही एक मान सांगितले जाते. पाच माणसांच्या घरास माणशी ५० प्रमाणे २५० लिटर हवे. हंडा व कळशी मिळून एका खेपेस २० लिटर येते असे धरल्यास १३ खेपा होतात. प्रत्येक खेपेस अर्धा तास म्हटला तर साडेसहा तास. मुलांना हे उत्तर स्वतः काढू द्यावे आणि मग शाळेचे वेळापत्रक काढून दोन्ही आकडे शेजारी लिहावे. शाळेचा दिवसही जवळजवळ तेवढाच असतो. दोन्ही माने एकदम पाळावयाची झाल्यास घरातील कोणास तरी दिवसभर पाणीच वाहावे लागेल, आणि ते कोण, हे वर्गातील मुलींना ठाऊक असते. जलजीवन मिशनने २०१९ साली माणशी ५५ लिटर पाणी नळाने घरात देण्याचे मान का ठरविले, याचा उलगडा येथे होतो. मुंबईत इमारतींसाठी माणशी १३५ व झोपडपट्टीसाठी ४५ लिटर असे मान दीर्घकाळ धरले गेले. हेही दोन आकडे फळ्यावर लिहून ठेवावे व काही न बोलता मुलांना पाहू द्यावे.

दुसरे काम शाळेच्या आवारातील आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत मुले व मुली यांसाठी स्वतंत्र शौचालये आणि सर्व मुलांसाठी पुरेसे सुरक्षित पिण्याचे पाणी हे शाळेच्या इमारतीचे आवश्यक भाग म्हणून नमूद आहेत. ३ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व शाळांत ही सोय सहा महिन्यांत करण्याचा आदेश दिला. तेव्हा पाण्याच्या हक्कासंबंधी शाळा केवळ शिकविणारी नाही, ती देणे लागणारीही आहे. शौचालयाला कुलूप असून किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात, आणि ते उघडते फक्त तपासणीच्या दिवशी, अशा शाळेत हा पाठ न शिकविलेला बरा. वयात आलेली मुलगी महिन्यातून चार दिवस का येत नाही, याचे उत्तर हजेरीपटात सापडत नाही. ते त्या कुलपात असते. शौचालय व विहीर यांमध्ये निदान पन्नास फुटांचे अंतर आहे की नाही, शोषखड्डा पावसाळ्यात पाण्याखाली जातो की काय, हेही मुलांकडून पावलांनी मोजून घ्यावे. मढसारख्या वाळूच्या व उथळ पाण्याच्या जमिनीत हे अंतर याहूनही अधिक ठेवावे लागते.

एक सावधगिरी अवश्य बाळगावी. कोणाच्या घरी नळ आहे व कोणाच्या नाही, असे हात वर करून विचारू नये. गावठाणाबाहेर, गायरानावर किंवा वीटभट्टीवर राहणारी मुले बहुतेक वर्गांत असतात. मालवणीतील मुलांची कथा ती आपलीच म्हणून ऐकतात. त्यांची घरे उदाहरणादाखल घेऊ नयेत. त्याऐवजी गावातील पाणवठ्यांची मोजणी सर्व वर्गाने मिळून करावी: किती हापसे, किती चालू, विहिरीत किती फूट पाणी, सार्वजनिक नळास किती वेळ पाणी येते, सर्वांत दूरच्या घरापासून पाणवठ्यापर्यंत किती पावले. वस्त्या व पाडे त्यांत अवश्य धरावे. ही नोंद एका वहीत तारीख घालून करावी, तिची एक प्रत शाळा व्यवस्थापन समितीपुढे व दुसरी ग्रामसभेपुढे ठेवण्याची विनंती सरपंचांस करावी, आणि दिवाळीच्या सुटीनंतर केलेली मोजणी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, परीक्षेच्या धांदलीपूर्वी, त्याच मुलांकडून पुन्हा करून घ्यावी.